परित्यक्त खाणींवरील देखरेख : ब्रिटिश कायद्यातील नकाशा आणि पाणी

चालू खाणीवर शासनाची देखरेख असावी हे तत्त्व ब्रिटनमध्ये १९ व्या शतकाच्या मध्यास मान्य झाले. बंद पडलेल्या खाणीचा प्रश्न मात्र निराळा होता. तेथे संरक्षण करावे असा मजूर उरलेला नसतो, कर द्यावा असे उत्पन्न नसते आणि पुष्कळदा जाब विचारावा असा मालकही नसतो. तथापि भूगर्भातील पोकळी तशीच राहते व पंप थांबताच तीत पाणी साचू लागते. ब्रिटिश कायद्याने ह्या पोकळीचा नकाशा बराच आधी मागितला. तीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची जबाबदारी मात्र त्याने त्यानंतर सव्वाशे वर्षे कोणावरही टाकली नाही. ह्या दोन गोष्टींतील अंतर हेच ह्या कायद्याच्या इतिहासाचे मर्म होय.

नकाशाची मागणी अपघातांतून आली. न्यूकॅसलजवळील हीटन येथील कोळशाच्या खाणीत ३ मे १८१५ रोजी शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांतून लोंढा आत शिरला व ७५ माणसे आणि मुले प्राणास मुकली. जुनी कामे तेथे आहेत हे ठाऊक होते. ती नेमकी कोठवर पोचली आहेत हे ठाऊक नव्हते. खाणीचे व्यवस्थापन पाहणारे जॉन बडल ह्यांनी पुढे खाणींच्या नोंदी जपून ठेवण्याचा आग्रह सातत्याने धरला, त्यामागे हा अनुभव असणे स्वाभाविक आहे. १८४० साली खाण-अभिलेख कार्यालय निघाले, परंतु तेथे नकाशा देणे न देणे मालकाच्या मर्जीवर होते. आपल्या कामाचा नकाशा ही आपली खाजगी मालमत्ता आहे अशीच मालकवर्गाची समजूत होती.

१८७२ च्या कोळसाखाण-नियमन कायद्याने ही समजूत अंशतः मोडली. खाणीचा परित्याग केल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिचा नकाशा गृहमंत्र्यांकडे पाठविणे बंधनकारक झाले व परित्यक्त कूपाच्या तोंडाशी कुंपण घालणेही आवश्यक ठरले. अंशतः म्हणावयाचे कारण असे की, दहा वर्षांपर्यंत हा नकाशा मालकाच्या संमतीवाचून निरीक्षकाखेरीज इतर कोणासही पाहता येत नसे. शेजारी खोदणाऱ्यास जी माहिती आज हवी, ती दहा वर्षांनी मिळावी अशी ही तडजोड होती. शिवाय १८७२ पूर्वी सोडलेल्या असंख्य खाणी कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. त्याची किंमत किती मोठी होती हे १९२५ साली स्कॉट्सवुड येथील माँटेग्यू खाणीत दिसून आले. तेथे दीर्घकाळापूर्वी सोडलेल्या कामांतील पाणी फुटून ३८ जण बुडाले. २१ मार्च १९७३ रोजी यॉर्कशरमधील लॉफ्टहाउस येथे पुन्हा तेच घडले. १९ व्या शतकातील कामांतले पाणी फुटले, सात खाणकामगार मरण पावले आणि त्यांपैकी एकाचाच देह हाती लागला. चौकशीत असे आढळले की, त्या जुन्या कूपांविषयीची माहिती भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या क्षेत्रवह्यांत नोंदलेली होती. खाणीच्या मोजणीदारांपर्यंत ती पोचली नव्हती. माहिती असणे व ती योग्य हाती असणे ह्यांत किती अंतर असू शकते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १९७९ चे जल-आक्रमण प्रतिबंधक नियम ह्या चौकशीचे फलित होत.

भारतीय खाणकायदाही ह्याच परंपरेत घडला आणि त्याच संकटाने त्याचीही परीक्षा पाहिली. धनबादजवळील चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी जुन्या, जलमय कामांतील पाणी खालच्या कामांत शिरले व अधिकृत आकड्याप्रमाणे ३७५ कामगार दगावले.

ह्या सर्व व्यवस्थेत धोका कल्पिला होता तो शेजारच्या खाणकामगाराचा. डोंगराखालील नदीचा, तिच्यातील माशांचा किंवा काठच्या लोकांचा विचार तीत नव्हता. १८७६ च्या नदी-प्रदूषण कायद्याने खाणीतून जसेच्या तसे उपसलेले वा निचरलेले पाणी नदीत सोडण्यास मोकळीक ठेवली, कारण असे पाणी बाहेर काढल्याखेरीज खाणधंदाच चालणार नव्हता. ही सवलत चालू धंद्यासाठी होती हे समजण्याजोगे आहे. परंतु पुढे १९९१ च्या जलसंपत्ती कायद्यातही परित्यक्त खाणीतून पाणी ‘वाहू देणे’ एवढ्यावरून कोणी अपराधी ठरणार नाही असे कलम कायम राहिले. म्हणजे धंदा चालू असता मालक ज्या बंधनात होता, त्यातून धंदा सोडताच तो मोकळा होई. येथे ‘परित्याग’ हा शब्द वस्तुस्थितीचे वर्णन न राहता विशेषाधिकार बनला. पंप बंद करणे म्हणजे प्रदूषण ‘घडविणे’ की केवळ ‘घडू देणे’, ह्यावर विधिज्ञांचा काथ्याकूट झाला. नदीच्या दृष्टीने ह्या भेदास काहीच अर्थ नव्हता.

कॉर्नवॉलमधील व्हील जेन ह्या कथलाच्या खाणीने ही विसंगती लोकांच्या डोळ्यांपुढे आणली. ऑक्टोबर १९८५ मध्ये कथलाचे भाव कोसळले, त्यानंतर ही खाण काही वर्षे तगली आणि मार्च १९९१ मध्ये बंद झाली. पंप थांबले, पाणी चढू लागले. अशा खाणीतील खडकांत लोह व गंधक ह्यांचे संयुग असलेले पायराइट असते. खाण कोरडी असताना हवा लागून त्याचे विघटन होते व खडकावर अम्लधारी क्षार साठतात. पाणी चढताना ते सर्व एकाच वेळी विरघळतात, म्हणून बंद पडल्यानंतरचे पहिले पाणी सर्वांत विषारी असते. नोव्हेंबरमध्ये हे पाणी निचऱ्याच्या बोगद्यापर्यंत आले. बोगद्याचे तोंड बुजवून, पाणी उपसून व त्यात चुना घालून वेळ मारून नेण्यात आली. जानेवारीच्या वादळी हवेत उपसा थांबला आणि १३ जानेवारी १९९२ रोजी जवळच्या नँजाइल्स खाणीच्या बोगद्याचा बूच फुटून सुमारे ५ कोटी लिटर अम्लयुक्त पाणी कार्नन नदीत गेले. जस्त, कॅडमियम व लोह ह्यांनी भरलेले ते पाणी फाल नदीच्या मुखापर्यंत नारिंगी पट्टा ओढीत गेले. कार्ननच्या खोऱ्यास खाणीचे पाणी नवे नव्हते. १७४८ मध्ये आरंभिलेल्या काउंटी ॲडिट नामक निचरा-बोगद्याचे पाणी त्याच खोऱ्यात उतरते. लोकांस नवे होते ते एका रात्रीत बदललेले रंगरूप.

१९९५ च्या पर्यावरण कायद्याने उत्तर दिले. परित्यागाची व्याख्या विस्तारण्यात आली व पाणी उपसण्याचे काम थांबविणे किंवा त्यात मोठा बदल करणे हेही परित्यागात मोडू लागले. खाण सोडण्यापूर्वी सहा महिने सूचना देणे आवश्यक ठरले. १८७२ चा नकाशा परित्यागानंतर येत असे. ही सूचना आधी येते, हा फरक लहान दिसला तरी मूलगामी आहे. जुनी सूट मात्र ३१ डिसेंबर १९९९ नंतर सोडलेल्या खाणींपुरतीच रद्द झाली. कोळशाच्या जुन्या खाणींची जबाबदारी १९९४ च्या कायद्याने स्थापिलेल्या कोळसा प्राधिकरणाकडे आली. २०२४ पासून त्याचे नाव खाण-उपचार प्राधिकरण असे आहे. व्हील जेन १९९१ मध्येच बंद झाल्यामुळे जिच्या निमित्ताने कायदा बदलला, तिलाच तो लागू होत नाही. तिचे पाणी उपसून चुन्याने शुद्ध करण्याचे केंद्र २००० पासून कायमस्वरूपी चालू आहे व त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो.