गॉर्डन हॉल : मुंबईतील पहिल्या अमेरिकन मिशनऱ्याची कसोटी

अमेरिकन मराठी मिशनचे आद्य मिशनरी गॉर्डन हॉल (१७८४-१८२६) हे मॅसॅच्युसेट्समधील टॉलंडचे. सहकारी सॅम्युअल नॉट यांच्यासह ते ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. अमेरिका व ब्रिटन यांच्यात तेव्हा युद्ध सुरू होते आणि ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. हद्दपारीचा आदेश निघताच दोघे गुपचूप कोचीनला गेले. तेथून त्यांना परत आणण्यात आले. हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सदसद्विवेकबुद्धीला लेखी आवाहन केले. अखेर वास्तव्याची मुभा मिळाली.

खरी कसोटी पुढेच होती. १८१२ मध्ये अमेरिकेहून निघालेल्या सॅम्युअल न्यूएल यांच्या पत्नी हॅरिएट त्याच वर्षी, अवघ्या १९व्या वर्षी, मॉरिशसला निवर्तल्या. प्रकृती ढासळल्याने नॉट १८१५ मध्ये मुंबई सोडून गेले. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीला बळी पडले. इतक्या वर्षांत धर्मांतरे जवळजवळ झालीच नाहीत. हॉल यांनी मात्र मराठी आत्मसात केली, शाळा चालविल्या आणि बायबलच्या भाषांतराला वाहून घेतले. १८२५ मध्ये पत्नी व मुले अमेरिकेस रवाना झाली. हॉल मागे राहिले.

मार्च १८२६ मध्ये नाशिक परिसरात पटकीच्या रुग्णांना औषधे देऊन परतताना त्यांनाच त्या रोगाने गाठले. २० मार्च रोजी वाटेतच त्यांचे निधन झाले. मराठी ‘नवा करार’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.