रोमची धान्यविक्री व नगरशासनाची जबाबदारी

नगरशासनाने वाण्याचा धंदा स्वतः करावा काय, हा वाद न्यूयॉर्कच्या २०२५ मधील महापौरपदाच्या निवडणुकीत पुन्हा उभा राहिला. निवडून आलेले झोहरान ममदानी यांनी शहराच्या पाचही विभागांत नगराच्या मालकीचे एकेक दुकान उघडण्याचे आश्वासन दिले होते. या वादात भर असतो तो विक्रीच्या भावावर. प्राचीन रोमचा अनुभव पाहता हा भर चुकीच्या जागी पडतो, असे आमचे मत आहे.

इ. स. पू. १२३ मध्ये गायस ग्रेकसने कायदा करून रोमच्या नागरिकांना ठरलेल्या भावाने, मोडियसला (सुमारे साडेसहा किलो) सहा पूर्णांक एकतृतीयांश अस या दराने, सरकारी गहू विकण्यास प्रारंभ केला. त्याने कोठारेही बांधविली. टीकाकार ही गोष्ट सहसा विसरतात. कायद्याचा कडवा विरोधक पिसो हाच पुढे गहू घेण्यासाठी रांगेत आढळला. ग्रेकसने हटकले तेव्हा, माझी मालमत्ता तू वाटू नयेस हेच बरे, पण वाटणारच असशील तर माझा वाटा मी मागणार, असे तो म्हणाल्याचे सिसेरो सांगतो. लाभ गरजूंपुरताच ठेवावा की सर्व नागरिकांना द्यावा, हा पेच येथेच स्पष्ट होतो.

इ. स. पू. ५८ मध्ये क्लोडियसने हे धान्य फुकट केले. त्याचा परिणाम उद्बोधक आहे. धनी आपले गुलाम मुक्त करून त्यांच्या पोटाचा भार सरकारवर टाकू लागले, आणि पुढच्याच वर्षी नगरात टंचाई होऊन दंगे झाले. वाटपाचा हक्क कायद्याने मिळाला. परंतु सिसिली, सार्डिनिया व आफ्रिका येथून जहाजे वेळेवर आणणे कायद्याच्या हाती नव्हते. अखेर पाँपेला पाच वर्षांसाठी धान्यपुरवठ्याचे अधिकार द्यावे लागले. सीझरने नंतर यादी ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली; ऑगस्टसच्या काळी ती दोन लाखांच्या घरात स्थिरावली. हे वाटप समूळ बंद करण्याचा विचार ऑगस्टसने केला होता, पण लोकप्रियतेसाठी कोणीतरी ते पुन्हा चालू करीलच, हे ओळखून तो बेत त्याने सोडून दिला.

विद्वान रोमची वस्ती दहा लाखांच्या आसपास धरतात. म्हणजे स्त्रिया, गुलाम, परदेशी अशा बहुसंख्यांना खाजगी व्यापारावरच विसंबावे लागे. तेव्हा खरे काम गोदीवर होते. इ. स. ५१ च्या सुमारास टंचाईने चिडलेल्या जमावाने क्लॉडियस बादशहाला भर चौकात घेरून त्याच्यावर शिळ्या पावाचे तुकडे फेकले. त्याने नवी दुकाने उघडली नाहीत. हिवाळ्यात धान्य आणणाऱ्या व्यापाऱ्यांना वादळात होणारी नुकसानी भरून देण्याची हमी दिली, जहाजे बांधणाऱ्यांना सवलती दिल्या, आणि ऑस्टियाजवळ इ. स. ४२ मध्ये आरंभलेल्या बंदराचे काम पुढे चालू ठेवले.