कपाटातली कॅसेट



पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या कितीतरी घरांत कपाटाच्या खालच्या कप्प्यात, शालूच्या घडीखाली, एक काळी कॅसेट असते. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर एक नाव 'चि.' लावून, दुसरे 'चि. सौ. कां.' लावून, खाली तारीख, गाव आणि 'जि. परभणी'. हिंगोली जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी, त्याआधीची आपली सगळी लग्ने परभणी जिल्ह्यातली. नवरीचे नाव मात्र त्या कागदावर माहेरचे असते. पुढे ताटातल्या तांदळात दुसरेच नाव लिहिले गेले आणि अनेकींचे पहिले नाव त्यानंतर कुठे लिहायची वेळच आली नाही.

आज बोलायचे आहे ते या कॅसेटबद्दल, आणि तिच्यातले चित्र सीडीवर उतरवून घेणाऱ्या घरगुती यंत्राबद्दल.

ही व्हीएचएस जातीची कॅसेट 1976 साली जपानमध्ये निघाली. आपल्या देशात 1982 साली दिल्लीला एशियाडचे खेळ झाले, दूरदर्शन रंगीत झाले आणि त्याच सुमारास शहरांतून व्हीसीआर दिसू लागले. खेड्यात ते आले भाड्याने. गणपतीत नाहीतर कुणाच्या बारशाला टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, अंगणात मांडायचा आणि एका रात्रीत तीन-तीन पिक्चर बघायचे. आम्ही बाया भांडी घासून, पोरे निजवून जाईपर्यंत पहिला पिक्चर अर्धा झालेला असे. बसायचे मागे, भिंतीला टेकून.

मग लग्नात शूटिंगवाला येऊ लागला. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, मागे झगझगीत दिवा धरणारा पोरगा. त्या उजेडाने डोळे दिपायचे, म्हणून जुन्या कॅसेटमध्ये आपण सगळ्याजणी पदर कपाळावर ओढून खाली बघताना दिसतो. लाज असेल थोडी, पण निम्मे कारण तो दिवा!

या कॅसेटी दोन प्रकारच्या असत. एक कच्ची, म्हणजे जसे घडले तसे उतरलेली. दुसरी मिक्सिंग केलेली. तिच्यात कमळाच्या फुलातून नवरा-नवरी उमलायचे, बदामाच्या आकारात तोंडे यायची आणि वरून सिनेमाची गाणी. घरात आली ती बहुधा मिक्सिंगची. कच्ची कॅसेट पुष्कळदा शूटिंगवाल्याकडेच राहिली आणि तिच्यावर पुढचे लग्न उतरले. हळदीला आजी-मावशांनी म्हटलेली गाणी, घाणा भरतानाचे सूर, विहिणींना दिलेले टोमणे, नवरीचा उखाणा, हे सगळे त्या सिनेमाच्या गाण्याखाली गेले. तोंडे हलताना दिसतात, आवाज नाही. ज्यांच्याकडे कच्ची कॅसेट आहे, त्यांनी ती आधी शोधा.

आता यंत्राचे. एका बाजूला कॅसेट घालायची खाच, दुसऱ्या बाजूला सीडीचा ट्रे. खरे तर ती डीव्हीडी, पण आपल्या तोंडी सीडीच बसली आहे. 2000 नंतरच्या दहा वर्षांत अशी यंत्रे निघाली. आमच्या गटाकडचे सेकंडहँड आहे. त्याआधी एका व्हीसीआरमधून दुसऱ्यात नक्कल करत, पण प्रत्येक नकलेला चित्र आणखी फिके होई.

या यंत्राला घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात. आतली फीत सुमारे अडीचशे मीटर लांब, म्हणजे तीस नऊवारी लुगडी एकापुढे एक अंथरावीत इतकी. ती अर्धा इंच रुंदीची फीत एका लहानशा ढोलापुढून सरकते आणि तो ढोल सेकंदाला 25 वेळा फिरतो. चित्र फितीच्या अंगभर तिरप्या रेघांत असते. साध्या कॅसेटचा आवाज मात्र अगदी काठावरच्या बारीक पट्टीत. लुगड्याचा काठ आधी विरतो ना, तसेच. फितीचा काठ दुमडला की चित्र बरे दिसते आणि बोलणे खरखरते. म्हणून म्हणतो, थांबू नका.

सीडीवर चांगल्या प्रतीचे चित्र घ्यायचे तर दोनच तास मावतात. चार तासांच्या बेतावर लावले तर एकीत बसते, पण चित्र भुरकट होते. आम्ही दोन सीड्या घालतो. शेवटी 'फायनलाइज' करायला विसरायचे नाही, नाहीतर ती सीडी दुसऱ्या यंत्रात लागत नाही. एका नकलेच्या वेळी अडीच तास झाले आणि लाइट गेली. सीडी वाया. लोडशेडिंगच्या गावात हे यंत्र वापरायचे म्हणजे आधी वायरमनला विचारायचे.

फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी ढोलाला लागते आणि तिथून पुढच्या बाईच्या कॅसेटला.

दुकानात देऊनही नक्कल मिळते, मग यंत्र आपले कशाला? आम्हालाही घरून हेच विचारले. दुकानात विचारतात, काय काय कापू? आणि ते सांगायला जातो घरातला पुरुष. यंत्र आपले असले की तीन तास आपण समोर बसतो, सगळे बघतो. आहेराचा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो. पण माइकवरून एकेक नाव आणि एकेक भांडे पुकारले जाते, मग कपाट, पलंग, गाडी. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. कॅसेट पुढची, आणि सगळे उजेडात, मोजून मांडलेले.

आणि नवरी. मुलीच्या लग्नाचे वय 18 कायद्याने 1978 सालीच ठरले होते. आमच्यातल्या एकीची कॅसेट लागली तेव्हा तिची नात म्हणाली, ही शाळेतली पोरगी कोण आहे? कुणी बोलेना. तिला स्वतःलाही आपण एवढ्या लहान होतो हे ठाऊक नव्हते. जन्माचा दाखला नाही, शाळेचा नाही, त्या वयाचा दुसरा फोटो नाही. घरच्यांना तो भाग नको होता. तिने सांगितले, सगळे उतरवा.

बायांचा आवाज फितीवरून वाचवण्याचे मोठे काम आपल्या राज्यात झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी 1980 नंतरच्या वर्षांत गावोगाव जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. 1990 नंतर बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या अनेक टेपवर ध्वनिमुद्रित केल्या. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. तो 'पारी' या संकेतस्थळावर आज मोबाइलवर ऐकता येतो. ओवी कुणी म्हटली, कोणत्या गावची, हे त्यांनी सोबत लिहून ठेवले, म्हणून ती सापडते. नुसत्या आवाजाच्या टेपांचा ढीग असता तर कोण कुणाला ओळखणार होते?

व्हीसीआर बनवणारा शेवटचा मोठा कारखाना जपानमधल्या फुनाई कंपनीचा. त्यांनी 2016 च्या जुलैत ते बनवणे थांबवले. आता जी यंत्रे आहेत तीच. सीडीही कायमची नाही, चरा पडतो, रंग उडतो, म्हणून तीच नक्कल पेनड्राइव्हवरही घेतो.

आमच्या यंत्राशेजारी एक शंभर पानी वही असते. कॅसेट चालू असताना घरातल्या म्हाताऱ्या बाईला जवळ बसवायचे आणि विचारायचे. मंडपाच्या खांबाशी, पंगतीपासून लांब, ती पांढऱ्या लुगड्यातली कोण? हातात परात घेऊन जाणारी? उत्तर आले की यंत्रावरचे आकडे बघून मिनिट लिहायचे, पुढे नाव आणि माहेरचे गाव. नाव कुणालाच आठवले नाही तर ती जागा कोरी सोडतो. पुढच्या कॅसेटमध्ये ती बाई पुन्हा दिसते कधीकधी.