मधुमेह आणि मातृभाषा

आपल्या प्राचीन वैद्यांनी ज्या व्याधीला मधुमेह असे नाव दिले, तिचा इतिहास बहुधा औषधांचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन हाती आणले, हे सर्वश्रुत आहे. परंतु या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे. डॉक्टरांची भेट वर्षातून चार-दोन वेळा होते. उरलेल्या दिवसांत आहार, औषध आणि साखरेची मोजणी हे सारे रोग्याचे त्यालाच सांभाळावे लागते. बॉस्टनचे डॉक्टर एलियट जोस्लिन यांनी इन्सुलिनच्याही आधी, १९१८ साली, डॉक्टर आणि रोगी या दोघांसाठी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. रोग्याला जाणता करणे हा उपचाराचाच भाग होय, हा विचार पुढे रुजत गेला.

पण जाणता करावयाचे ते कोणत्या भाषेत? कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत, सॅन डिएगो हे नगर आहे. १८४८ पर्यंत हा मुलूख मेक्सिकोचाच होता. तेथे स्पॅनिश ही इंग्रजीहून जुनी. तथापि दवाखान्यांचा व्यवहार मुख्यतः इंग्रजीत. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे ‘प्रोजेक्ट दुल्से’ हा उपक्रम सुरू झाला. दुल्से म्हणजे गोड. परिचारिका आणि रोग्यांच्याच समाजातील ‘प्रोमोतोरा’ म्हणजे आरोग्यसखी, यांनी लोकांना त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या स्वयंपाकघराला धरून शिकविण्यास आरंभ केला. मात्र वर्गाला येण्यास कष्टकऱ्यांना सवड कोठली?

येथे भ्रमणध्वनी उपयोगी पडला. दूरध्वनीवरील पहिला लघुसंदेश इंग्लंडमध्ये ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठविला गेला, तो नाताळच्या शुभेच्छांचा. पुढे त्याच साधनाचा लॉस एंजेलिसच्या एका सार्वजनिक रुग्णालयाने १२८ रोग्यांवर प्रयोग केला. सहा महिने रोज दोन संदेश, इंग्रजीत वा स्पॅनिशमध्ये. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत साखरेतील फरक निर्णायक ठरला नाही. परंतु औषध नियमित घेण्यातील सुधारणा स्पॅनिश भाषकांत अधिक दिसली.

सॅन डिएगोच्या ‘दुल्से डिजिटल’चे निष्कर्ष २०१७ साली आले. १२६ रोगी, बहुसंख्य मेक्सिकोत जन्मलेले आणि विमा नसलेले. मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या ए-वन-सी चाचणीचे प्रमाण संदेश मिळणाऱ्यांत सहा महिन्यांत ९.५ वरून ८.५ वर आले. इतरांत ते ९.६ वरून ९.४ इतकेच उतरले. साखर मोजून उत्तर धाडणाऱ्यांना लाभ अधिक झाला. आकडा मर्यादेबाहेर गेला, की उपक्रमाचा कार्यकर्ता दूरध्वनी करून विचारपूस करी.

यश यंत्राचे, असे कोणी म्हणेल. परंतु यंत्र होते केवळ निरोप्या. निरोप आपल्या बोलीतला होता, आणि उत्तर वाचणारे कोणीतरी माणूस पलीकडे होते, हे विसरता येत नाही. अनेक भाषांच्या आपल्या देशात आरोग्याच्या सूचना रोज निघतात. सूचना निघाली म्हणजे ती पोहोचली, असे मानण्याची शासनव्यवहाराला सवय असते. सॅन डिएगोचा अनुभव सांगतो, की उत्तर परत आले तरच निरोप पोहोचला असे समजावे.