पहाटेची शाळा

इतिहासावर चार ओळी लिहा असा निरोप आला तेव्हा मी घाबरलेच. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण २०२० साली शाळा बंद पडल्या आणि धाकटीचा अभ्यास माझ्या गळ्यात आला. दिवसभर घरकाम, म्हणून नळाला पाणी यायच्या आत, पहाटे तिला घेऊन बसू लागले. त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंच्या लहानपणाविषयी वाचले. तेच सांगते.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळ मंगळूरकडचे. पुण्यास शिकत असता ते गुरूंबरोबर दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जात. तेथे पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत श्लोक म्हणताना ऐकून, आपणही बायकोला शिकवायचे असे त्यांनी मनाशी घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते चालू दिले नाही. ती वारल्यावर यात्रेत गोदावरीकाठी दुसरे लग्न झाले. नवरा चाळिशी ओलांडलेला, नवरी लक्ष्मीबाई नऊ वर्षांची! (असल्या लग्नाचे मी कौतुक करीत नाही.)

तिचे शिकणेही लोकांना खपेना, तेव्हा शास्त्रीबुवा तिला घेऊन सह्याद्रीच्या रानात गंगामूळला गेले. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते. दरीपलीकडे वाघ ओरडत होता. पोर पासोडीत गुरफटून पडली आणि हे उजाडेपर्यंत राखण करीत बसले. पुढे तेथे घर झाले, विद्यार्थी आले, येणारेजाणारे यात्रेकरू आले. आणि लक्ष्मीबाई संस्कृतात तयार झाल्या.

तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. सहा महिन्यांच्या झाल्या तोच कुटुंब यात्रेला निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगराखाली आणले. पुढची वर्षे पायी हिंडण्यात गेली. गावोगावी पुराण सांगायचे, मिळेल त्यात भागवायचे. मुक्काम पडेल तेथे शाळा.

रमाबाई आठ वर्षांच्या झाल्या तेव्हा वडील थकले होते, म्हणून शिकवणे आईकडे आले. आईला वेळ कोठला? स्वयंपाक आहे, आलागेला आहे. पाखरे बोलू लागत त्या वेळी ती मुलीला लाडाच्या नावांनी हाका मारून जागे करी, जवळ घेई आणि पाठ सांगे. पुस्तक नाही, दिवा नाही. आईने म्हणावे, मुलीने मागून म्हणावे. भागवताचे हजारो श्लोक असे पाठ झाले. हे वाचले आणि पुस्तक मिटून मी जरा वेळ बसून राहिले. पहाटेचा तो तेवढाच वेळ बाईचा स्वतःचा असतो, आणि तोही तिने मुलीला दिला!

या शिक्षणात एक उणे होते. पुराणे आली, पण पोट भरण्याचे काम कोणी शिकवले नाही, आणि अंगमेहनत करणे कमीपणाचे वाटे. दुष्काळ पडला तेव्हा कुटुंब उपाशी राहिले. १८७४ साली आधी वडील गेले, मागोमाग आई. तिला उचलायला माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी, म्हणून खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन त्या तीन मैल चालल्या.

१८७८ साली भावाबरोबर त्या कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. पुढे त्यांनी धर्म बदलला, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी एवढेच पाहते की १८८७ साली अमेरिकेत त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, ते त्यांनी आईला अर्पण केले.

माझी धाकटी आता कॉलेजात आहे. अजून पहाटे तिला मीच उठवते. हल्ली ती मला इंग्रजी वाचायला शिकवते. बसच्या पाट्या जमतात. औषधाच्या बाटलीवरचे अजून अडते.