‘टॉप गिअर’ आणि मोटारशौकिनांमधील मतभेद

ब्रिटनच्या बीबीसीने निर्माण केलेला ‘टॉप गिअर’ हा मोटारविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रम १९७७ साली स्थानिक पातळीवर सुरू झाला आणि १९७८ पासून तो देशभर दाखविला जाऊ लागला. नव्या मोटारींचे परीक्षण, इंधनाचा खर्च आणि रस्ता सुरक्षा हे त्याचे मूळ विषय होते. २००१ साली तो बंद पडला. जेरेमी क्लार्कसन आणि निर्माते अँडी विल्मन यांनी २००२ मध्ये त्यास नव्या रूपात सादर केले. रिचर्ड हॅमंड आरंभापासून, तर जेम्स मे २००३ पासून त्यात सहभागी झाले. माहितीची जागा मनोरंजनाने घेतली आणि जुने प्रेक्षक व नवे चाहते यांच्यातील वाद तेथूनच सुरू झाला. जुन्या कार्यक्रमातील काही सादरकर्त्यांनी २००२ मध्येच ‘फिफ्थ गिअर’ हा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला.

उत्तम मोटार कोणती?

सरे परगण्यातील डन्सफोल्ड विमानतळावरील चाचणी मार्गावर ‘स्टिग’ हा शिरस्त्राणधारी चालक मोटारींची वेळ नोंदवीत असे. मात्र वेळेचा आकडा म्हणजे मोटारीची गुणवत्ता नव्हे, असे मानणारा मोठा वर्ग आहे. जर्मनीतील न्यूरबर्गरिंगवरील विक्रमासाठी मोटारीची स्प्रिंग-व्यवस्था कठीण केली की सामान्य रस्त्यावर ती त्रासदायक ठरते, ही टीका जेम्स मे यांनीही वारंवार केली.

दुसरा वाद चालक चाकांचा आहे. पुढील चाके ओढ आणि वळण ही दोन्ही कामे करीत असल्यास, पकड सुटताच मोटार वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. शक्ती मागील चाकांना दिल्यास पुढील चाके वळणासाठी मोकळी राहतात, परंतु मागची बाजू घसरण्याचा धोका वाढतो. शौकिनांना हेच नियंत्रण आनंददायी वाटते. १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५ ही हलकी, मागील चाकांवर चालणारी मोटार कमी शक्तीतही आनंद देते, हे त्यांचे आवडते उदाहरण.

विश्वासार्हतेचा प्रश्न

डिसेंबर २००८ च्या भागात टेस्ला रोडस्टर विद्युतभार संपून ढकलावी लागल्याचे दाखविले गेले. भार प्रत्यक्षात संपला नव्हता, असे सांगत कंपनीने २०११ मध्ये दावा दाखल केला. न्यायालयांनी तो फेटाळला. २०१३ मध्ये अपीलही अयशस्वी ठरले. परीक्षण कोठे संपते आणि नाट्य कोठे सुरू होते, हा प्रश्न मात्र उरला.

डिसेंबर २०११ मध्ये प्रसारित झालेल्या भारत विशेष भागात मुंबईच्या डबेवाल्यांशी स्पर्धाही होती. क्लार्कसन यांच्या मोटारीवर बसविलेल्या शौचकूपासह त्यातील काही विनोदांबाबत लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयाने जानेवारी २०१२ मध्ये तक्रार नोंदविली.

वेगाची किंमत

सप्टेंबर २००६ मध्ये यॉर्कजवळील एल्विंग्टन येथे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जेट मोटारीचे चाक फुटून हॅमंड यांच्या मेंदूस गंभीर इजा झाली. ते पुढे बरे झाले. निर्मात्याशी झालेल्या झटापटीनंतर २०१५ मध्ये क्लार्कसन यांचा करार पुढे वाढविण्यात आला नाही. मे आणि हॅमंड त्यांच्यासोबत बाहेर पडले व तिघांनी २०१६ ते २०२४ या काळात ‘द ग्रँड टूर’ सादर केला. बीबीसीच्या कार्यक्रमात डिसेंबर २०२२ मध्ये माजी क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ चित्रीकरणादरम्यान गंभीर जखमी झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने कार्यक्रम नजीकच्या भविष्यात परतणार नसल्याचे जाहीर केले.

वेग दुप्पट झाल्यास मोटारीची गतिज ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतरही साधारणतः त्याच प्रमाणात वाढते. वर उल्लेखिलेले दोन्ही अपघात बंद मार्गावर, मदतपथक जवळ असताना घडले. सार्वजनिक रस्त्यावर हे संरक्षण नसते आणि तेथे धोका केवळ चालकाचाच नसतो. म्हणूनच ‘वेगाचा आनंद मार्गावरच घ्यावा’ या मुद्द्यावर बहुतेक जाणकार शौकिनांचे एकमत आहे.