मृत्युपत्रातली थोरली सून

2023 सालापासून निफाड तालुक्यात घरोघरच्या जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेले कागद ओसरीवर आले. कोतवाल बुकाचे उतारे, शाळेचे दाखले, क-ड-ई पत्रकं, मोडीतली खरेदीखतं. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी मोडी शिकले होते, त्यामुळे भाऊबंद आपापली गाठोडी घेऊन माझ्याकडे येऊ लागले. अशाच एका गाठोड्यात माझ्या पणजोबांचं मृत्युपत्र निघालं. शके 1853, म्हणजे 1931 सालचं. जातीच्या दाखल्याच्या कामाचं नाही म्हणून चुलतभावाने ते बाजूला ठेवलं होतं. आमच्या घराण्याचा सगळ्यात भरवशाचा इतिहास त्याच कागदात होता.

शेतकऱ्याच्या घरात मृत्युपत्र क्वचितच सापडतं आणि त्याला कारण आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा हक्क जन्मानेच असे. बाप गेला की तलाठ्याकडे वारसनोंद व्हायची आणि काम भागायचं. एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याचा अधिकार मिताक्षरा मानणाऱ्या हिंदू पुरुषाला 1956 च्या वारसा कायद्याने मिळाला. त्याआधी फक्त स्वकष्टार्जित मिळकतीचीच अशी व्यवस्था करता येत होती. शिवाय आपल्याकडे, मुंबई शहराबाहेर, हिंदूचं मृत्युपत्र लेखी असलंच पाहिजे असा दंडकही नव्हता. मरणाऱ्याने चार माणसांदेखत सांगितलेला शब्दही चालत असे. लेखी मजकूर आणि दोन साक्षीदार हे बंधन 1 जानेवारी 1927 पासून आलं.

म्हणून त्या काळातल्या शेतकऱ्याचं लेखी मृत्युपत्र हाती आलं की मी आधी एकच गोष्ट शोधते. नुसत्या वारसनोंदीने ज्याचं भागलं नसतं असं त्या घरात कोण होतं? पोटी मूल नसलेला माणूस, दत्तक, दुसरेपणाची बायको, विधवा लेक, विधवा सून. जोतीराव फुल्यांनी 1887 साली केलेलं मृत्युपत्र पाहा. त्यातही दत्तक घेतलेला यशवंत आहे आणि सावित्रीबाईंची काळजी आहे.

आमच्या पणजोबांच्या कागदात ही व्यक्ती म्हणजे थोरली सून. थोरला मुलगा 1918 च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत गेला, त्याला मूलबाळ नव्हतं, हे मला या कागदावरून कळलं. आमच्या घरी तोंडपाठ असलेल्या वंशावळीत तो मुलगा आहे. त्याच्यापुढे रेघ थांबते. त्याला बायको होती हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मृत्युपत्रात ती नावानिशी आहे. तिच्या बापाचं नाव आहे, माहेरचं गाव आहे. तिला कडवा नदीच्या काठचं एक शेत हयातीपर्यंत दिलं आहे, विहिरीवर मोटेची पाळी दिली आहे, राहायला घराची पूर्वेकडची खोली दिली आहे. धाकट्या दिरांनी तिच्या वहिवाटीस हरकत करू नये, असं बजावलं आहे. ‘जोवर ती आमच्या घरी नांदेल तोवर’ ही अटही आहे. 1856 च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्याने लग्नाची मुभा दिली, पण पुन्हा लग्न करणारीला पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडावं लागे. विधवाविवाहाचा कैवार घेणारे न्यायमूर्ती रानडे 1842 साली याच निफाडात जन्मले. त्यानंतर जवळपास नव्वद वर्षांनीही तालुक्यातल्या एका प्रेमळ सासऱ्याला ही अट घालावीशी वाटली, याचं मला वाईट वाटतं. तरीही त्याने तिला वाऱ्यावर सोडलं नाही, याचा अभिमान त्याहून मोठा आहे.

शेत तिला देता यावं म्हणून ते आपल्या कष्टाचं आहे हे पणजोबांना दाखवावं लागलं. त्यामुळेच त्यांनी पैसा कुठून आला ते लिहून ठेवलं. गोदावरी आणि कडवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा होत असताना त्यांनी स्वतःच्या बैलगाडीने दगड वाहिला, त्या मजुरीतून हे शेत घेतलं. आज लोक त्या जलाशयावर पक्षी पाहायला येतात. 2020 साली तो महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाला. त्या बांधकामाशी आमचा काही संबंध होता हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

मृत्युपत्र एकटं वाचून भागत नाही. त्यातले सर्व्हे नंबर आजच्या सातबाऱ्यावर नसतात, कारण 1947 च्या कायद्याखाली एकत्रीकरण झालं आणि गट नंबर आले. जुना नंबर नव्याशी जुळवायला एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा काढावा लागतो. मग जुने फेरफार. आमच्या गावच्या फेरफारात थोरल्या सुनेचं नाव लागलं आहे आणि ती वारल्यावर पुतण्यांची नावं चढली आहेत. पुतण्यांपैकी एक माझे वडील. म्हणजे ज्या शेताच्या उत्पन्नावर माझं शिक्षण झालं, ते शेत तिचं होतं. नाशिकला रामकुंडावरच्या उपाध्यायांच्या वहीतही मी आमचं पान पाहिलं. तिथे पिढ्यान् पिढ्यांचे पुरुष ओळीने आहेत. ती नाही.

वंशावळ वारसा सांगते आणि वारसा बापाकडून लेकाकडे जातो, म्हणून तिच्यात बायका राहत नाहीत. मृत्युपत्राला कुणाला खायला घालायचं ते सांगावं लागतं, म्हणून त्यात बायका येतात. जातीच्या दाखल्यासाठी सध्या तयार होणाऱ्या वंशावळीही बापाच्याच बाजूच्या आहेत. दाखल्यापुरतं ते ठीक. पण तेवढाच कागद नातवंडांच्या हाती राहिला, तर निम्मं घराणं कायमचं पुसलं जाईल.

घरात मृत्युपत्र नसेल तर दुय्यम निबंधकाकडे विचारा. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्याला स्टॅम्पही लागत नाही, त्यामुळे प्रत्येकाचं सापडेल असं नाही. पण नोंदवलेलं असेल तर ते नोंदवही क्रमांक 3 मध्ये असतं आणि करणारा माणूस हयात नसेल तर अर्ज करणाऱ्या कुणालाही त्याची नक्कल मिळते. अंदाजाने वर्ष आणि गाव सांगा. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, तोवर वाचून घ्या. आणि दाखल्यासाठी काढलेल्या वंशावळीची एक प्रत घरासाठी वेगळी लिहा. तिच्यात प्रत्येक पुरुषाशेजारी त्याची बायको, त्याच्या बहिणी आणि लेकी नावानिशी, माहेर-सासरच्या गावांसकट लिहा. आमच्या घरी ती लिहून झाली आहे.